कसोपावर काळं झालं

रत्नागिरीत सूर्यास्त कुठून बघावा, असं पुण्यातली माणसं मला हमखास विचारतात. मी रत्नागिरीची, तेव्हा मला ते ठाऊक असणारच, असा त्यांचा समज. मी थिबा पॉइंट सांगते, रत्नदुर्ग सांगते, हाताशी गाडी असेल तर आरे-वारेच्या रस्त्याने जा म्हणते. मंडळी खूश होऊन जातात आणि परतल्यावर फोटो पाठवतात. सगळ्या फोटोंत तोच केशरी गोळा. खाली तारीख नसेल तर तो गोळा अलिबागचा की गोकर्णचा, हे त्यांनाही सांगता यायचं नाही.

माझं मत विचाराल तर समुद्र बघायला सूर्यास्ताइतकी वाईट वेळ नाही. उजेड समोरून डोळ्यांवर येतो आणि बाकीचं सगळं काळं पडतं. होडी काळी, किल्ला काळा, नवराबायको काळी. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्र सकाळी बघावा, ऊन पाठीवर घेऊन. आठ-साडेआठला मांडवीच्या धक्क्यावर उभं राहिलं की डावीकडे भाट्याच्या खाडीचं तोंड दिसतं. काजळी नदी तिथे समुद्राला मिळते. त्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा दांडा वाढलेला असतो आणि त्यावर लाटा फुटून एक पांढरी वाकडी रेघ उमटते. राजिवड्याच्या होड्या ती रेघ चुकवत, थोड्या थबकत, मग एकदम जोर करून बाहेर पडतात. संध्याकाळच्या चमचमाटात ही रेघ हरवून जाते. होडीवाल्याला मात्र ती कुठल्याही उजेडात दिसावी लागते, कारण चुकलं तर होडी तिथेच उलटते. पायाखालची वाळू काळसर असते. या किनाऱ्याच्या वाळूत इल्मेनाइट आहे, त्याचा तो रंग. सकाळच्या उन्हात ती बारीक चमकते. किल्ल्याच्या डोंगराची सोंड मध्ये आडवी गेली आहे. तिच्या अलीकडचा हा काळा समुद्र, पलीकडचा पांढरा. गावातली माणसं अजूनही तसंच म्हणतात.

गेल्या वैशाखात गेले होते ती समुद्रासाठी नव्हे. मांडवीच्या चढावरचं आमचं घर पाडायला काढलं होतं. चुलतभावाचा फोन आला, ‘तुला बघायचं असेल तर ये, नंतर म्हणू नकोस.’ हे म्हणताना त्याच्या आवाजात मी येऊ नये अशीच इच्छा होती. गेले तेव्हा माडी उतरवून झाली होती आणि जांभ्याचे चिरे एकावर एक रचून ठेवले होते. जुने चिरे विकले जातात, वाया जात नाहीत. कौलंही गेली. घराच्या मागच्या बाजूला आधीच एक चार मजली इमारत उभी राहिली आहे. तिच्या गॅलऱ्यांना काळ्या काचा आहेत आणि जाहिरातीत ‘सी व्ह्यू’ लिहिलेलं आहे. आमच्या जागेवरही तसंच काहीतरी होईल. मग त्या मागच्यांचा व्ह्यू जाईल. त्याबद्दल मला फारसं दुःख नाही, हे इथे लिहून टाकते.

त्या माडीला दोन खिडक्या होत्या, एक पश्चिमेला आणि एक दक्षिणेला. दक्षिणेची मोठ्या काकूची.

मोठी काकू म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. काका मुंबईला नोकरीला. तेव्हा मुंबईहून माणसं बोटीने यायची. बोट दीपगृहाच्या टोकाला वळसा घालून उपसागरात शिरायची आणि किनाऱ्यापासून लांब उभी राहायची. तिथून पडावात उतरून उतारू मांडवीच्या धक्क्याला लागायचे. लुगडी सावरत, ट्रंका डोक्यावर घेत, निम्मे ओले होत. काकूला पश्चिमेच्या खिडकीतून बोट दिसली की ती खाली येऊन आधणात तांदूळ वैरायची. पडाव धक्क्याला लागून माणूस चढ चढून ओटीवर येईपर्यंत भात निवळायला आलेला असायचा. कधी कमी शिजलेला वाढला नाही की कधी गार. तिच्या हिशोबात समुद्र चुलीला जोडलेला होता.

पुढे काका यायचे कमी झाले, मग बंद झाले. मुंबईत त्यांनी दुसरं बिऱ्हाड केलं होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. मनीऑर्डर मात्र नेमाने येत राहिली. काकूने ती सही करून घेतली, कुंकू लावत राहिली आणि पश्चिमेची खिडकी सोडून दक्षिणेच्या खिडकीत बसायला लागली.

आता गोष्ट अशी, की आमच्या घराण्याने या खिडकीची एक कथा करून टाकली आहे. लग्नकार्यात सगळे जमले की कोणी ना कोणी ती सांगतं. ‘बिचारी जन्मभर वाट बघत बसली खिडकीत.’ ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. सांगणाऱ्यांत ज्यांनी तिला दिवाळीला एक लुगडं पाठवलं नाही तेही असतात. मला या गोष्टीचा संताप येतो, कारण ती सरळ खोटी आहे. बोट उत्तरेकडून यायची, दक्षिणेच्या खिडकीतून ती दिसायचीच नाही. तिथून दिसायची खाडी, पलीकडे भाट्याची सुरूची रांग आणि तिच्याही पुढे कसोपाचा किनारा. आमच्याकडे वळवाचा आणि मृगाचा पाऊस त्या अंगाने चढतो. काकू पावसावर नजर ठेवून असायची.

मे महिन्याच्या शेवटी घराच्या खळ्यात, पत्र्यावर, बाजांवर, जिथे ऊन लागेल तिथे आंब्याची साठं वाळत घातलेली असायची. ताटांना तूप लावून त्यावर रसाचा पातळ थर, तो सुकला की वर दुसरा. चार-पाच थर व्हायला आठवडा जातो. त्या आठवड्यात एक सर आली की साठं चिकट होतात, बुरशी धरतात, सगळा रस फुकट. शिवाय फणसपोळ्या, कोकमाची सालं, सांडगे. हे सगळं घराच्या वर्षाच्या हिशोबातलं होतं, त्यातलं निम्मं विकलं जायचं. विकलेल्याचे पैसे काकूच्या हाती असायचे, आणि माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाची फी त्यातून गेली. तेव्हा काकू दुपारी डोळे बारीक करून त्या खिडकीत बसे, हाताने तांदूळ निवडत, आणि एकाएकी वरून हाक येई, ‘गो, कसोपावर काळं झालं! साठं उचला आधी!’ आम्ही पोरं धावायचो. खाली उभं राहून वर पाहिलं तर आभाळ कोरडं ठणठणीत. पण काकूची हाक वाया गेल्याचं मला आठवत नाही. शेवटचं ताट ओटीवर टेकवतोय तोवर खाडीवरून सरसर पडदा येत असे आणि अंगणातली धूळ उडायला लागायची.

त्या खिडकीच्या फळीच्या आतल्या बाजूला तिने पेन्सिलीने दर वर्षीच्या पहिल्या पावसाची तिथी लिहून ठेवली होती. ज्येष्ठ शुद्ध अमुक, वैशाख वद्य तमुक. शेजारी कधी एखादा शब्द. ‘साठं गेली.’ ‘वारा फार.’ एके ठिकाणी नुसतं ‘उशीर’. काकांचं नाव त्यात कुठेही नव्हतं. मी मुद्दाम शोधलं होतं.

या शहरात खिडकीत बसून दुसऱ्यांच्या कथेत गेलेलं आणखी एक माणूस आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. 1885 साली इंग्रजांनी त्याला मंडालेहून उचललं आणि 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. वय 27. तेव्हा इथे रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात बोटीही बंद असत, म्हणजे तुरुंगाला भिंतीची गरज नव्हती. पुढची 24 वर्षं तो बंगल्यांत राहिला. आज आपण बघतो तो राजवाडा त्याला 1910 मध्ये मिळाला आणि 1916 मध्ये तो गेला. या वास्तूत त्याच्या वाट्याला जेमतेम सहा वर्षं आली. जागा मात्र अशी की रत्नागिरीत दुसरी नाही. पठाराच्या कडेला, खाली खाडी, समोर भाट्ये, पलीकडे दर्या. शहरातला सगळ्यात देखणा देखावा एका कैद्याच्या नावावर लिहिला गेला.

वाटाडे सांगतात, राजा दुर्बीण घेऊन बसायचा आणि समुद्रावर आपल्या देशाची वाट बघायचा. पुन्हा तीच वाट बघण्याची कथा. पण नकाशा उघडून बघा. आपला समुद्र पश्चिमेला आहे. ब्रह्मदेश पूर्वेला, त्याच्या पाठीमागे, सह्याद्री, अख्खं हिंदुस्थान आणि आणखी एक समुद्र ओलांडून. समोरच्या पाण्यात त्याच्या कामाचं काहीएक नव्हतं. तो बघत असेल, तर नुसतंच बघत असेल. त्या काळी रत्नागिरीत ज्याचं समुद्राशी काहीच काम नव्हतं असा हा एकटाच माणूस असावा, आणि आज आपण सगळे रविवारी त्याच जागी उभे राहून तेच करतो. त्याची थोरली मुलगी पुन्हा इथेच येऊन राहिली. तिची मुलगी टुटू इथल्याच माणसाशी लग्न करून, मराठी बोलत, गरिबीत पोरंबाळं वाढवत 2000 साली याच गावात वारली. तिच्या नावाचा पॉइंट कुठे नाही. तिला संध्याकाळी बाहेर येऊन समुद्र बघायला सवड असेल असं वाटतही नाही.

राजाची समाधी शिवाजीनगरात आहे, वस्तीत. तिथून समुद्र दिसत नाही. म्हणूनच तिथे पर्यटक कमी जातात.

रत्नदुर्ग किल्ल्याचंही तसंच. घोड्याच्या नालेच्या आकाराचा तो डोंगर, वर भगवतीचं देऊळ, टोकाला दीपगृह. या बुरुजांवरून कोणी निसर्ग बघत नव्हतं. शिडं दिसली तर ती कोणाची, हे ओळखायला माणसं बसवलेली होती. दीपगृहाचा माणूस तर आजही समुद्र बघतो तो कामावर असताना. ठरावीक वेळात तिकीट काढून वर जाता येतं. जा, वारा झकास असतो. पण वर गेल्यावर उत्तरेला मिरकरवाड्याच्या बंदराकडे नीट बघा. तिथल्या बायका बोट किती बुडालेली येते आहे, यावरून आत मासळी किती असेल याचा अंदाज लांबूनच बांधतात आणि टोपल्या त्या बेताने पुढे सरकवतात. असा देखावा कुठल्याही पाटीवर लिहिलेला नसतो.

2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ नावाचं एक मोठं जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या बंधाऱ्यालगत अडकलं आणि वर्षानुवर्षं तिथेच गंजत राहिलं. लोक लांबलांबून बघायला यायचे, पाठ करून फोटो काढायचे. मिऱ्याची माणसंही बघायची. दर पावसाळ्यात समुद्र त्यांचा बंधारा खायचा, दर वर्षी नवे दगड पडायचे, आणि त्यात हे धूड भरतीला बंधाऱ्यावर आपटणार. एकाच जागी उभे असलेले दोन घोळके, आणि दोघांना दिसणारी गोष्ट वेगळी.

पाडलेल्या घरातली काकूची ती फळी मला हवी होती. मजुरांना विचारलं तर त्यांनी लाकडाच्या ढिगाकडे बोट केलं. फणसाच्या लाकडाच्या फळ्या, तुळया, दारं, सगळं एकत्र. मी चुलतभावाला म्हटलं, एवढी एक फळी बाजूला काढू दे. तो मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, ‘सगळं उक्तं दिलंय. मोजून झालंय. आता एक काढली तर तो भाव पाडेल.’ खरेदीदार शेजारीच उभा होता, त्याने काही हरकत घेतली असती असं मला वाटत नाही. पण मी पुढे बोलले नाही. घरात माझा वाटा नव्हता, आणि तो का नव्हता हा वेगळा निबंध आहे. दुपारी टेम्पो आला नि लाकूड घेऊन गेला.

तर सांगायचं ते हे. रत्नागिरीला यायचं असेल तर दिवाळीच्या सुट्टीत येऊ नका, मे महिन्याच्या अखेरीस या. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या आधीच्या चार-सहा दिवसांत समुद्रावर घाईगर्दी असते, होड्या किनाऱ्यावर ओढायची, जाळी उतरवायची गडबड असते. सकाळी मांडवीला उभे राहा. दुपारी भाट्याच्या पुलावरून चालत जा, गाडी पुलावर थांबवू नका. पावसाळ्यात आलात तर मिऱ्याच्या बंधाऱ्यावर भरतीच्या वेळी चढू नका, लाट माणूस ओढून नेते.

आणि मांडवी, पेठकिल्ला, राजिवड्याच्या बाजूला ज्यांची माडीची घरं अजून उभी आहेत त्यांना एक विनंती. विकायचं असेल तर विका, त्याला इलाज नाही. पण सौदा लिहायच्या आधी खिडक्यांच्या फळ्या उलटून, आतली बाजू वाचून घ्या आणि हव्या त्या काढून ठेवा. फणसाचं लाकूड दोन पिढ्या सहज टिकतं, आणि भंगारवाला त्याचे फारसे पैसे देत नाही.