जामखेडचे डॉक्टर दांपत्य

जामखेड, आष्टी, कडा, पाथर्डी ही नावे आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांच्या आठवणींत आहेत. मारवाडातून आलेल्या आपल्या पूर्वजांनी या कोरड्या मुलखात दुकाने मांडली. पुढे दुष्काळ, मुलांचे शिक्षण आणि व्यापाराची ओढ यांमुळे पुढच्या पिढ्या पुण्या-मुंबईस सरकल्या. आमचे कुटुंब कांजूरमार्गास आले ते याच वाटेने. त्याच वाटेने उलट दिशेस गेलेल्या एका दांपत्याची कर्मभूमी पाहावी, म्हणून यंदा माघात जामखेडला जाऊन आलो.

नगर मागे पडले की रस्त्याची दोन्ही अंगे उघडी होत जातात. कड्याला अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाचे नाव वाचून मन सुखावते, पुढे आष्टी, मग जामखेड. हे वाळवंट नव्हे. पण पर्जन्यछायेचा प्रदेश. माती थोडी, मुरूम फार. बँकेत असताना पीककर्जाच्या अर्जावर ‘सिंचनाची सोय’ या रकान्यापुढे ‘नाही’ असे लिहिलेले शेकडो वेळा वाचले होते. तो ‘नाही’ येथे डोळ्यांनी दिसतो.

डॉ. रजनीकांत आरोळे हे नगर जिल्ह्यातलेच, डॉ. मेबल यांचे वडील जबलपूरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात प्राध्यापक. दोघांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. १९६० साली विवाह करतानाच त्यांनी खेड्यातील गरिबांची सेवा करण्याचा संकल्प सोडला. नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, बरा होऊन गेलेला रोगी तोच आजार घेऊन पुन्हा दारी येतो. रोगाचे मूळ गावात होते. पाण्यात, अन्नात आणि अज्ञानात होते. मग अमेरिकेत उच्च शिक्षण, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्याची पदवी, आणि १९७० मध्ये थेट जामखेड.

दवाखाना कोठे थाटला? जनावरांच्या एका जुन्या, बंद पडलेल्या दवाखान्यात. रुग्णांना तपासावे, शस्त्रक्रिया कराव्यात, आणि उरलेल्या वेळी गावोगाव जाऊन लोकांशी बोलत बसावे, असा दिनक्रम पडला. बोलण्याचा विषय औषध नसेच. पाणी, चारा, पोरांचे खाणे. १९७२ च्या दुष्काळात तर गावकऱ्यांना डॉक्टरपेक्षा पाण्याची निकड होती. तेव्हा कूपनलिका खोदताना आरोळ्यांनी एक शहाणपण केले: हातपंप दलित वस्तीत बसविले. ज्यांना पाणी हवे, त्यांनी तेथे यावे! तहानेपुढे शिवाशीव किती दिवस टिकणार? पुरुषमंडळींची जातींतील अढी सुटावी म्हणून व्हॉलीबॉलचे खेळही मांडले गेले.

खरी अडचण पुढेच होती. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात मुक्कामाला राहीनात. तेव्हा गावातल्याच स्त्रियांना शिकवायचे ठरले. त्यांतील बहुतेक निरक्षर. कित्येक दलित, कोणी विधवा, कोणी टाकलेली. बाळाचे वजन करणे, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी देणे, बाळंतपण स्वच्छ हातांनी करणे, क्षय आणि कुष्ठरोग वेळीच ओळखणे, हे सारे त्या शिकल्या. त्यासाठी त्या नेमाने जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र निजत. गावी परतून त्याच इतरांना शिकवीत. काम सुरू झाले तेव्हा जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत; पुढील दोन-अडीच दशकांत हा आकडा तिशीच्या आत आला. हिशेब तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला असा ताळेबंद क्वचितच पाहावयास मिळतो.

आपल्याकडे औषधदान आणि ज्ञानदान वेगळे मोजतात. येथे दोन्ही एकाच खाती जमा आहेत. डॉक्टर आपली विद्या सहसा स्वतःजवळ राखतो, कारण तिच्यावरच त्याचे घर चालते. या दोघांनी ती निरक्षर बाईच्या हाती देऊन टाकली. मला तर हा अपरिग्रहाचाच प्रकार वाटतो, मग करणारे ख्रिस्ती का असेनात. आपल्या मंडळांची नेत्रशिबिरे, रक्तदान शिबिरे यांचे मोल मी कमी लेखत नाही, अनेकांत पावत्या फाडण्याचे काम मीही केले आहे. पण शिबिराचा मांडव संध्याकाळी उतरतो. आरोळे उतरले नाहीत. १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाल्यावरही घर जामखेडलाच राहिले. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. आरंभापासून एकेचाळीस वर्षे झाली होती. आता कन्या डॉ. शोभा आणि पुत्र रवी यांनी काम पुढे चालविले आहे.

आवारात कृत्रिम पायांची एक कार्यशाळा आहे. तेथे बनतो तो जयपूर फूट, ज्याचा प्रसार १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने देशभर केला. त्या दिवशी एक ऊसतोड कामगार बाकावर बसून नवा पाय बांधून घेत होता. दोनदा उठला, बसला, मग भिंतीचा आधार सोडून दारापर्यंत चालत गेला आणि तेथूनच कारागिराला म्हणाला, “टाच जरा उंच झाली हो.” कारागिराने पाय काढून घेतला आणि पुन्हा कानस हाती घेतली.