बंद शटरामागचा हिशेब

२६ ऑगस्ट २००१, रविवार. ऐन गणेशोत्सवात अपघाती जखमी झालेले शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांचे सिंघानिया रुग्णालयात निधन झाले. वार्ता पसरताच संतप्त जमावाने ते रुग्णालयच पेटवून दिले. अन्य रुग्णांना तातडीने बाहेर हलवावे लागले.

टेंभी नाक्यावरील आनंदाश्रमात गाऱ्हाणे घेऊन जाणाऱ्या असंख्य सामान्यांना दिघे हाच आधार होता. त्यांचा आक्रोश खोटा नव्हता. खोपकर हत्या प्रकरणी टाडाखाली झालेली अटक व त्यांचा दरारा हेही तितकेच खरे होते.

अशा निधनाची वार्ता येताच ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत दुकानांची शटर खाली येतात. त्यांत आदर किती आणि भीती किती, हे कोणत्याही खतावणीत सापडत नाही. दोन्ही रकमा एकाच खाती जमा होतात. नेत्याच्या अनुयायांना मात्र सारी जमा आदराचीच वाटते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न विचारल्याबद्दल तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. त्यांपैकी एकीच्या काकांचे रुग्णालयही फोडले गेले. पुढे प्रकरण बंद झाले. पण बाजाराने घ्यायचा तो बोध घेतला होता.

दुकान उघडे ठेवण्याची मुभा असताना ज्याने ते बंद ठेवले, त्याचाच दुखवटा खरा. भीतीने ओढलेले शटर दिवंगताच्या मानात काहीच भर घालीत नाही.