शहाड फाटक ते तंजावर

उल्हासनगरात आमच्या बराकीसमोर राहणारे दादा रोज सकाळी ओट्यावर बसून सिंधी वर्तमानपत्र वाचतात, उजवीकडून डावीकडे. फाळणीनंतर शिकारपूरहून आले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. शेजारी त्यांचा नातू मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो. तो घरात सिंधी बोलतो, पण आजोबांच्या पेपरातलं एक अक्षर त्याला लागत नाही. "साईं, हे वाचणारा या गल्लीत मीच शेवटचा," दादा एकदा हसत म्हणाले. ते हसले म्हणून मीही हसलो, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आपल्यातलेही कोणी असे मुलुख सोडून दूर जाऊन राहिले असतील, त्यांच्या भाषेचं काय झालं असेल? शाळेच्या इतिहासात तंजावरचे भोसले दोन ओळींत उरकले होते. त्या दोन ओळी बघायला जायचं ठरलं.

जायचं तर मोटरसायकलनेच, कारण ती घरात होती आणि बाकी काही परवडणार नव्हतं. गाडी स्प्लेंडर, दुसऱ्या हाताची, एक लाख चार हजार किलोमीटर पळालेली. हिशेब वहीत मांडला. जाऊन-येऊन तीन हजार किलोमीटर, लिटरला साठ धरले तर पन्नास लिटर, म्हणजे सव्वापाच हजारांच्या आसपास पेट्रोल. एकूण खिशात साडेनऊ हजार. उरलेल्यात अकरा-बारा दिवसांचं खाणं, झोपणं आणि गाडीचं दुखणंखुपणं. दुचाकीला टोल नाही ही सरकारची मोठीच मेहेरबानी. आईने संक्रांतीच्या आधीच तिळाचे लाडू करून डबा भरला. "वाटेत कोणाला तरी दे, नुसतं तोंड चालवू नकोस," एवढंच म्हणाली. ती रागावली होती.

9 जानेवारीला पहाटे पाचला शहाड फाटकाजवळून निघालो. बिर्ला मंदिराच्या विठ्ठलाला बाहेरूनच हात जोडले. अंबरनाथ, बदलापूर मागे टाकून वांगणी-नेरळच्या वाटेने कर्जत गाठेपर्यंत बोटं काकडली होती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, त्यामुळे खोपोलीवरून जुन्या रस्त्याने बोरघाट चढलो. शंभर सीसीची गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर कण्हते, मागचा टँकर हॉर्न देऊन देऊन थकतो आणि आपण लाज सोडून डाव्या कडेने जात राहतो. पुणे, खंबाटकी, सातारा, कराड. ताशी पन्नासच्या वर जायचं नाही हा नेम पाळला. रात्री साडेआठला कोल्हापुरात पोचलो तेव्हा उभं राहिलं तरी अंग थरथरत होतं. देवळाजवळच्या धर्मशाळेत दोनशे रुपयांत खाट मिळाली.

दुसऱ्या दिवशी भाषा हळूहळू ओसरताना पाहिली. निपाणीत पाट्या दोन्ही लिप्यांत, बोलणं मराठी. बेळगावात चहावाल्याशी मराठी, हवा भरणाऱ्या पोराशीही मराठी. धारवाड ओलांडल्यावर मात्र पेट्रोल पंपावर "फुल करा" म्हणालो तर पोराने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिथून पुढे माझी मराठी हेल्मेटच्या आतच राहिली. दिवसभर स्वतःशीच बोलत होतो.

दावणगेऱ्याच्या बेण्णे डोशाबद्दल लिहायला बसलो तर पान पुरणार नाही, म्हणून एवढंच सांगतो की तिसऱ्या डोशाने माझं दुपारचं बजेट खाल्लं.

मुख्य रस्ता सोडून चन्नगिरीकडे वळलं की दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा लागतात. त्यातून होदिगेरे. 23 जानेवारी 1664 ला शहाजीराजे इथे शिकारीत घोड्यावरून पडून गेले. त्यांची समाधी दगडी, बुटकी आणि साधी आहे. मी गेलो तेव्हा तिथे एक म्हातारी वाळलेली पानं झाडत होती, दुसरं कोणी नव्हतं. तिला लाडू दिला. तिने तो कपाळाला लावून पदराच्या टोकाला बांधला आणि पुन्हा झाडू लागली. ज्या माणसाच्या एका मुलाने रायगडावर राज्य उभं केलं आणि दुसऱ्याने तंजावरात, तो इतक्या शांत जागी, इतक्या कमी लोकांत पडला आहे याचं वाईट वाटलं. मग वाटलं, गर्दी असती तर पार्किंगचे तीस रुपये गेले असते. गरिबीत प्रवास करताना असे विचार येतात, काय करणार.

त्या रात्री तुमकूरच्या सिद्धगंगा मठात दासोहाच्या पंगतीत जेवलो. मठाच्या शाळेतली पोरं रांगेने बसली होती. भात, सांबार, वर पुन्हा भात. कोण, कुठला, कशासाठी आला, कोणी विचारलं नाही.

बंगळूर मी दीड तासात पार करायचं ठरवलं होतं, लागले साडेतीन तास. हे शहर एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. पुढे एकोजींनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाने, ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाखांना विकायला काढलं होतं. सिल्क बोर्डच्या सिग्नलला एका जागी पंचवीस मिनिटं उभा राहिल्यावर मला त्यांचा निर्णय पटला.

होसूरजवळ माझं स्वतःचं एक काम होतं. आमचं उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. सैनिक गेले, बराकी राहिल्या, त्यात सिंधमधून आलेली माणसं उतरवली. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी आले, कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. कॅम्प एक ते पाच हे नंबर मात्र आजही तसेच आहेत. घरी पत्र येतं तेही बराक नंबरावर. हे राजाजी होसूरजवळच्या तोरापल्लीचे. ते घर आता स्मारक म्हणून जपलं आहे. मी पोचलो तेव्हा दार बंद होतं. पायरीवर बसून दोन लाडू खाल्ले, पाणी प्यालो. एका मुलाने गाडीची नंबरप्लेट बोटाने वाचली, "एम एच," आणि माझ्याकडे पाहून "धोनी?" असं विचारलं. तो झारखंडचा हे मला तमिळमध्ये सांगता आलं नाही.

कृष्णगिरीपासून पुढे रस्ता सुंदर आहे. चिंचेची झाडं, मध्येच मैदानातून उठलेले गोल गुळगुळीत डोंगर, कोणीतरी धोंडे रचून ठेवल्यासारखे. उत्तंगरैच्या अलीकडे क्लचची वायर तुटली. सुटी वायर डिकीत होती, पण हँडलजवळच्या खाचेत अडकलेलं जुन्या वायरीचं शिशाचं बोंड निघेना. अर्धा तास स्क्रू ड्रायव्हरने खरवडत बसलो. शेवटी क्लचविना, पहिल्या गिअरवर ढकलत चालू करून, चार किलोमीटर गेलो. टपरीवजा गॅरेजमधला म्हातारा मिस्त्री पुढे आला. त्याने एक बारीक खिळा घेतला, मागून टेकवला आणि हातोडीचा हलका टोला दिला. बोंड टुणकन उडून त्याच्याच चहात पडलं. तो इतका हसला की मलाही हसू आवरेना. पैसे घेतले पन्नास. लाडू दिला तो घेतला, चावला आणि काही वेळ विचार करत राहिला. तीळ त्याच्या ओळखीचे होते, गूळही ओळखीचा होता.

जिंजी सकाळीच चढलो. राजगिरीचा बालेकिल्ला चढताना धाप लागते, माकडं पिशवीवर नजर ठेवून असतात आणि ग्रॅनाइट उन्हाने तापायच्या आत वर पोचलेलं बरं. 1677 मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला. संभाजी महाराजांनंतर राजाराम महाराज पन्हाळ्यावरून निघाले ते इथेच आले. वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मांनी त्यांना जपलं. झुल्फिकारखानाने वेढा घातला आणि 1698 पर्यंत हा किल्ला झुंजत राहिला. म्हणजे काही वर्षं मराठ्यांची राजधानी आजच्या तमिळनाडूत होती. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात अकरा आपले आणि बारावा हा. वरून खाली पाहिलं तर भाताची खाचरं, तळी आणि नारळ. कोल्हापुरातून मी इथे पाच दिवसांत आलो, रस्ता चांगला, पाठीवर कोणी नाही, तरी कंबर मोडली होती. वेष पालटून, मोगल मागावर असताना त्या लोकांनी हा पल्ला कसा काटला असेल, याचा अंदाज मला पुस्तकाने कधी दिला नव्हता. पाठीने दिला.

वडलूरला संत वल्लालारांची धर्मशाला लागते. 1867 मध्ये पेटवलेली तिथली चूल अजून विझलेली नाही. येईल त्याला जेवण. पोंगलच्या आदल्या दिवशी दुपारी मी पोचलो, जेवलो, पत्रावळ उचलून ठेवली. वहीत त्या दिवशी जेवणापुढे शून्य आहे. अशी चार शून्यं जमली म्हणून हा प्रवास झाला.

तंजावरात शिरलो 15 तारखेला, पोंगलच्या दिवशी. दारोदार उसाचे भारे, रांगोळ्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सरस्वती महाल ग्रंथालयाला सुट्टी. दीड हजार किलोमीटर आलो ते ज्याच्यासाठी, त्याच्या दाराला कुलूप! इथल्या भोसल्यांपैकी दुसरे सरफोजी, 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेले, पुस्तकांचे वेडे. ग्रंथालय वाढवलं ते त्यांनी, देवनागरी छापखाना काढला तो त्यांनी. आत मोडीतली दप्तरं आहेत. खरं सांगायचं तर कुलूप नसतं तरी मला त्यातलं काय लागलं असतं? माझ्या पणजोबांच्या हातचा मोडी कागद आईच्या ट्रंकेत आहे. जमिनीचा आहे की कर्जाचा, घरात कोणाला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मट्टू पोंगल, गुरांचा सण. बृहदीश्वराच्या आवारातल्या भल्यामोठ्या नंदीला भाज्या-फळांनी मढवलं होतं. वांगी, भोपळे, मुळे, केळी, कोबी. मार्केट यार्डात नंदी बसवल्यासारखा. गर्दी तिथे होती, म्हणून मागे राजराज चोळाच्या देवळाला वळसा घालून नैर्ऋत्येच्या भिंतीकडे गेलो. आणि तिथे मराठी.

भिंतभर. देवनागरीत, ओळीमागून ओळ. सरफोजींनी 1803 मध्ये कोरवून घेतलेली भोसले वंशाची हकीकत. मोठमोठ्याने वाचायला लागलो. धारवाडपासून तोंडात अडकलेली भाषा सुटली म्हणा. शब्द जुने, काही ठिकाणी दगड झिजलेला, पण वाक्य कळत होतं. क्रियापद कुठे येणार हे आधीच कळत होतं.

"वाचता येतं तुम्हाला?"

मागे एक सत्तरीचे गृहस्थ, कपाळावर गंध, वेष्टी. मराठी होती, पण वाक्याचा शेवट तमिळ चालीने वर चढत होता. त्यांचं घराणं दहा-अकरा पिढ्या इथलं. इथे यांना राव म्हणतात. घरात अजून मराठी चालते, पण शाळा तमिळ, कचेरी इंग्रजी. ते देवनागरी शिकलेच नाहीत. बहिणीला पत्र लिहितात ते मराठीतून, तमिळ अक्षरांत. "लहानपणापासून ही भिंत बघतो," म्हणाले, "वाचा, मी ऐकतो." मी पाऊण तास वाचलं. अडलो तिथे एक-दोनदा त्यांनीच शब्द सांगितला, कारण तो त्यांच्या घरात अजून वापरात होता आणि माझ्या घरातून गेला होता.

मग ते मला घरी घेऊन गेले. काकूंनी पानात वाढलं आणि डाव्या बाजूला एक करडा गोळा ठेवला. डांगर. भाजलेल्या उडदाचं पीठ, वर दही आणि हिंगाची फोडणी. माझी आजी ताकात करायची, एवढाच फरक. डब्यातले शेवटचे तीन लाडू मी पानाशेजारी ठेवले, तेव्हा काकू म्हणाल्या, "तिळगूळ," आणि आत जाऊन साखरेची वाटी घेऊन आल्या.

"तुमचं गाव कोणतं?" रावांनी विचारलं.

"उल्हासनगर."

"हे नाव ऐकलं नाही. पुण्याजवळ?"

"कल्याणजवळ. नवं गाव आहे. तिथे सिंधी जास्त, आम्ही मराठी मधेमधे." मी त्यांना दादांचं सांगितलं. पेपर उजवीकडून डावीकडे, नातवाला लागत नाही. ते ऐकत राहिले. मग म्हटलं, "गावाचं नाव तुमच्याच माणसाने ठेवलंय. राजाजींनी. तोरापल्लीच्या."

राव दोन क्षण माझ्याकडे पाहत राहिले. मग स्वयंपाकघराकडे मान वळवून भरभर तमिळमध्ये काहीतरी सांगू लागले. त्यातला 'राजाजी' एवढाच शब्द मला कळला. आतून काकूंचं हसणं ऐकू आलं, आणि पानात आणखी एक गोळा डांगर पडलं.