कापडाच्या पंखाखाली मावळ

विमान तुम्ही रोजच पाहता. कांद्याला पाणी देत असा नाहीतर गोठ्यात धार काढत असा, डोक्यावरून घरघर गेली की मान वर होतेच. पण चार मित्रांनी मिळून एक लहानसं विमान काढावं, मागच्या बाजूला तंबू, पातेली आणि तांदूळ टाकावेत आणि सुट्टीच्या दिवशी कुठल्यातरी डोंगरातल्या माळावर जाऊन उतरावं, असं कोणी सांगितलं तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. मीही काढलं होतं. आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये एका वेल्डर मित्राने मोबाईलवर चित्रफीत दाखवली तेव्हा विश्वास बसला.

अमेरिकेत हे सर्रास चालतं. आयडाहो म्हणून एक डोंगराळ राज्य आहे, तिथे जंगलात गवताच्या धावपट्ट्या राखलेल्या आहेत. लोक तिथे विमान उतरवतात आणि पंखाशेजारी राहुटी ठोकतात. विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश नावाच्या गावी तर दरवर्षी जुलैअखेर विमानांची जत्राच भरते. दहा हजारांच्या आसपास विमानं येतात आणि हजारो माणसं आपापल्या विमानाच्या पंखाखाली मुक्काम करतात. आपल्याकडे यात्रेत बैलगाडीखाली झोपायचे, तसंच म्हणा ना. यातलं पुष्कळांचं आवडतं विमान म्हणजे सेस्ना 172. ते 1956 साली बाजारात आलं. खुर्च्या चार, पण पंखातल्या टाक्यांत दोनशे लिटरवर इंधन भरलं की चार धट्टीकट्टी माणसं आणि सामान त्याला झेपत नाही. मग कोण उतरणार, यावरून भांडणं.

आम्ही चौघांनी चौकशी केली. पिंपरी-चिंचवड काय नि चाकण काय, आमच्या सगळ्या पट्ट्यात गाड्या बनतात, इंजिनं बनतात, पण लहान विमान उतरेल अशी धावपट्टी एकही नाही. लोहगाव हवाई दलाचं. बारामतीला लहान विमानं आहेत, ती वैमानिक शिकवण्यासाठी. हडपसरला बिनइंजिनाची ग्लायडरं दोराने ओढून उडवत, पण त्यांत तंबू घेऊन कोण चढवणार? विषय तिथेच संपायचा. पण आमच्यातला चौथा मावळातला. तो म्हणाला, "पोत्यात मावणारं विमान आहे आमच्याकडे. कामशेतच्या डोंगरावर चला. मुक्काम पवनेच्या काठी करू."

आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. त्यामुळे शहरवाल्यांचा शनिवार-रविवार तो आमचा बुधवार-गुरुवार. त्यात फायदा असा, की पवनेचा काठ मोकळा सापडतो आणि तंबूचा भावही उतरलेला असतो. महिना मार्गशीर्ष. गुरुवारी घरोघरी महालक्ष्मीचा उपवास, तेव्हा कोंबडीचा बेत बुधवारी रात्रीच उरकायचा असं ठरलं. पहिली पाळी सुटली आणि दोन मोटारसायकलींवर आम्ही निघालो. चाकण-तळेगाव रस्त्याबद्दल काही लिहीत नाही. त्या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको आणि न जाणाऱ्याला पटणार नाही. वडगाव, कामशेत करत पवनानगर ओलांडलं तेव्हा दिवस मावळला होता.

पवनेचं धरण 1972 च्या सुमाराला पुरं झालं. साडेआठ टीएमसीच्या आसपास पाणी त्यात मावतं. तेच पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. म्हणजे कारखान्यात आम्ही जे पाणी पितो त्याच्या उशाशीच त्या रात्री झोपणार होतो. समोर तुंग, अलीकडे तिकोना, पाठीशी लोहगड. अंधारात किल्ल्यांच्या नुसत्या कडा दिसत होत्या.

तंबू ज्या खाचरात होते ते एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं. पावसाळ्यात तिथे इंद्रायणी भात. कापणी झाली की धसकटं काढून जमीन सारखी करायची आणि तंबू उभे करायचे. धाकटा मुलगा पाहुणे बघतो, सुना पिठलं-भाकरी आणि रस्सा करतात. माणशी हजाराच्या आत-बाहेर. इंद्रायणीचं नाव निघालं म्हणून सांगतो, हा वाण वडगाव मावळच्याच भात संशोधन केंद्रातला, आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून काढलेला, 1987 सालचा. त्या रात्री तो ताटात वाफाळत आला तेव्हा रस्सा बाजूला ठेवून आधी नुसता भातच दोनदा वाढून घेतला.

जेवणं झाल्यावर बाबा शेकोटीला येऊन बसले. म्हणाले, "हे वरचं राहिलं. चांगलं रान पाण्यात आहे." 1960 च्या दशकात धरणासाठी जमिनी गेल्या, तेव्हा ते शाळकरी पोर होते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या विहिरीचं तोंड उघडं पडतं, ते आजही नातवंडांना नेऊन दाखवतात. शेकडो खातेदारांचं पुनर्वसन पिढ्या उलटल्या तरी रखडलं. पुढे धरणातून शहराला बंद नळाने पाणी न्यायचं घाटलं. नदीकाठच्या शेतीचं काय होणार म्हणून मावळचे शेतकरी 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. गोळीबार झाला आणि तीन जीव गेले. बाबांनी हे सगळं आवाज न चढवता सांगितलं. शहरातून आलेल्या आम्हा पोरांना कुठेही दुखेल असं बोलले नाहीत. त्यामुळेच की काय, आम्हाला मान वर करवेना.

मग विषय आताच्या जमिनीवर आला. शहरातला कोणी गृहस्थ पाण्याकाठचे पंधरा गुंठे मागतोय. आकडा असा, की ऐकून आमच्या वेल्डरने शिट्टी मारली. धाकट्याचं मन चळलंय. "विकलं की पैसा एकदाच येतो. तंबूचा दर हिवाळ्याला येतो, आणि पाऊस पडला की भात आहेच," बाबांचा हिशेब. धाकटा म्हणाला, "बाबा, तंबूचा धंदा उद्या सरकारने बंद केला तर?" तेही खोटं नव्हतं. कोणी कोणाला जिंकलं नाही. शेकोटी विझत आली तेव्हा बाबांनी मला विचारलं, "तुमच्याकडं किती आहे?"

आमच्याकडे चार एकर होती. चाकणच्या अलीकडे, कांद्याची. औद्योगिक क्षेत्र आलं तेव्हा गेली. आलेल्या पैशात बंगला बांधला, दोन लग्नं झाली, एक मोटार आली आणि ती विकलीही. ज्या कारखान्यात मी जातो तो आमच्या जुन्या बांधापासून हाकेच्या अंतरावर आहे. हे सगळं सांगितलं नाही. "नाही आता," एवढंच म्हणालो.

पवनेकाठी मुक्कामाला जाणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात असू द्या. पाण्यात उतरू नका. काठ उथळ दिसतो, पण खाली जुने बांध आहेत, विहिरी आहेत, गाळ आहे, आणि पट्टीचे पोहणारेही तिथे बुडाले आहेत. दुसरं, थंडी कितीही असो, कोळशाची शेगडी तंबूत घेऊ नका. बंद जागेतल्या निखाऱ्याचा विषारी वायू वास देत नाही, झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो. आमच्या शेजारच्या तंबूत शेगडी शिरत होती, ती धाकट्यानेच दरडावून बाहेर काढली. तंबूवाला असा असावा.

गुरुवारी दुपारी कामशेतच्या डोंगरावर. आता ते पोत्यातलं विमान. पॅराग्लायडर म्हणतात त्याला. दोघांना नेणारा पंख पसरला की चाळीस चौरस मीटरच्या आसपास कापड, आणि गुंडाळला की पाठीवर. पुढच्या काठाला तोंडं उघडी असतात. वारा आत शिरला की पोतं भरावं तसा तो फुगतो आणि विमानाच्या पंखाचा आकार घेतो. इंजिन नाही, पेट्रोल नाही. एक मीटर खाली येईपर्यंत आठ-नऊ मीटर पुढे सरकतो. म्हणजे खरं तर तो सारखा खालीच येत असतो. हवाच वर चढत असेल तर मात्र त्याला घेऊन चढते. दुपारचा पश्चिमेचा वारा डोंगराला धडकतो, जायला जागा नाही म्हणून उतारावरून वर सरकतो, त्याच्यात राहायचं. नाहीतर उन्हाने तापलेल्या रानातून हवेचा लोट उठतो, त्यात घिरट्या घालायच्या. घार दुसरं काय करते?

पण वारा हवा तसाच हवा. दोन तास आम्ही नुसते बसून. काठीला बांधलेली कापडी पिशवी कधी मरगळायची, कधी ताठ व्हायची, आणि उडवणारा गडी मान हलवून पुन्हा खाली बसायचा. आमचा वेल्डर कुरकुरू लागला. मला मात्र खळं आठवलं. उफणणीला सूप धरून आजोबा असेच वाऱ्याची वाट पाहत. घाई केली की धान्य भुशात जायचं. इथे घाई केली तर माणूस जातो. उडवणारा 'आज नाही' म्हणाला तर पैसे परत घ्या आणि हुज्जत न घालता खाली या. शिरस्त्राण आणि जादा छत्री आहे ना, हेही आधी विचारा. पावसाळ्यात तर हे उड्डाण बंदच असतं.

अखेर पिशवी बेताची फुगली. मला पट्ट्यांनी पुढे बांधलं, गडी मागे. "पळा, बसू नका," एवढाच मंत्र. चार पावलं पळालो, पाचवं पाऊल टाकलं तर खाली जमीन नव्हती. पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू? पण मग लक्षात आलं की आवाजच नाही. फक्त दोऱ्यांतून वाऱ्याची बारीक शीळ. खाली लोहमार्गावरून लोणावळ्याची लोकल मुंगळ्यासारखी चालली होती. इंद्रायणी ऊन पडून चकाकत होती आणि तिच्या दोन्ही अंगांना खाचरंच खाचरं. प्रत्येकाचा बांध वेगळा, कुठे पेंढ्याची गंजी, कुठे हरभऱ्याचा हिरवा तुकडा. जमीन वरून पाहिली की कळतं, बांध किती वाकडे असतात आणि तरीही वर्षानुवर्षं ते कोणीतरी तसेच्या तसे राखलेले असतात. मधूनच चौकोनी निळे हौद दिसत होते, ते बंगलेवाल्यांचे पोहण्याचे. गड्याने सांगितलं, "दरवर्षी एखाद-दुसरा वाढतो. उतरायला जागा कमी होत चालली."

पंधरा मिनिटांनी एका धसकटाच्या खाचरात उतरलो. उतरलो म्हणजे, गुडघ्यावर. बांधावर एक आजी गवत कापत होत्या. त्यांनी विळा थांबवला आणि विचारलं, "पडलास का उतरलास?" मी म्हणालो, "आजी, दोन्ही." त्या मनापासून हसल्या. खाचर त्यांचंच. हंगामाला उडवणाऱ्यांकडून थोडे पैसे मिळतात. ज्या साली मसूर नाहीतर वाल पेरतात त्या साली उडवणारे दुसरीकडे उतरतात, असा तोंडी करार. "तुमच्यापरीस बघे वाईट," आजी म्हणाल्या, "गेल्या साली पोरं फोटो काढायला हरभऱ्यातून गेली." तेव्हा तुम्ही नुसते बघायला गेलात तरी बांधावरूनच चाला.

परतताना मोटारसायकलवर मागे बसल्या बसल्या विचार करत होतो. आमच्या भागात मोठं विमान यायचं होतं. आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी चाकण आणि खेडच्या जागांची चर्चा वर्षानुवर्षं चालली, शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि 2016 साली पुरंदरची जागा पुढे आली. तिथल्या सात गावांनीही जमीन द्यायला विरोध केला. त्या विमानाला हजारो एकर लागतात आणि एकदा दिल्या की भात काय नि अंजीर काय, तिथे पुन्हा काही उगवत नाही. विमानतळ नकोच असं मी म्हणत नाही. चाकणचा माल परदेशी जातो, त्यावर माझाही पगार निघतो. पण या कापडाच्या विमानाला लागलं काय? डोंगराचं एक टोक, आणि कापणी झालेलं एक खाचर, तेही आजींना मसूर पेरायचा नसेल तर.

घरी पोचलो तेव्हा आईची पूजा झाली होती. बाबांनी निघताना पाच किलो इंद्रायणी बांधून दिला होता, घरचा म्हणून पैसे घेतले नाहीत. आईने पिशवी सोडली, मूठभर तांदूळ नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. कसं उडालो, कुठे उतरलो, काही विचारलं नाही.

"किती जमीन आहे रे त्यांना?" एवढंच म्हणाली.