हिंजवडीत पुस्तकांचा गाळा

हिंजवडी हे नाव आज महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. परंतु ते गाव म्हणून फार थोड्यांना ठाऊक आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचे तीन टप्पे, वाकडच्या पुलापासून सकाळी लागणारी वाहनांची रांग आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिलेले मेट्रोचे खांब एवढीच त्याची ओळख सांगितली जाते. माण-हिंजवडीपासून शिवाजीनगरपर्यंतचा हा मेट्रोमार्ग सुमारे 23 किलोमीटरचा आहे. त्या खांबांच्या आड जुने हिंजवडी मात्र अजून शाबूत आहे. हे मुळशी तालुक्यातले ग्रामपंचायतीचे गाव. म्हातोबा हे येथील ग्रामदैवत. चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, त्याचे बगाड हिंजवडीहून वाकडला जाते, आणि त्या दिवशी संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतींनाही आपण कोणाच्या शिवारात उभे आहोत याची आठवण होत असावी. आज जेथे वाहनतळ आहेत तेथे एके काळी ऊस उभा असे. जवळच कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे, तो काही उगाच नव्हे.

सेवानिवृत्तीनंतर मुलाकडे राहावयास आलो, तेव्हा या दोन हिंजवडींच्या मध्ये एक तिसरी हिंजवडी असल्याचे हळूहळू ध्यानात आले. ही दिवसा घरी असणाऱ्यांची हिंजवडी. मुलाच्या संसाराला हातभार लावण्यासाठी लातूर, जळगाव, नगर, बीड येथून आलेले आजी-आजोबा तिच्यात आहेत. सकाळी आठला शटर उघडून रात्री दहाला ते ओढणारे किराणा, औषधे, हार्डवेअर आणि कापडाचे व्यापारी आहेत. त्यांत आपल्या समाजाची कितीतरी घरे आहेत. बांधकामांवरील मजुरांची मुले आहेत. या सर्वांना एकत्र बसण्यासाठी आमच्या परिसरात जागा कोणती? देवळात ज्याचा त्याचा देव निराळा, क्लबहाऊसमध्ये सभासदांखेरीज प्रवेश नाही, आणि मॉलमध्ये काही विकत घेतल्याशिवाय फार वेळ बसणे प्रशस्त वाटत नाही.

हा प्रश्न मनात घेऊन गेल्या हिवाळ्यात आम्ही चारपाच सेवानिवृत्त मंडळी भिलारला जाऊन आलो. हिंजवडीहून महामार्ग धरावा, खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला वळावे, वाईहून पसरणीचा घाट चढावा. पाचगणी मागे टाकली की स्ट्रॉबेरीच्या शेतांमध्ये हे गाव लागते. 4 मे 2017 रोजी राज्य शासनाने भिलारला ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून घोषित केले. कल्पना ब्रिटनमधील वेल्स प्रांतातल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचलेली. परंतु ते गाव जुन्या पुस्तकांच्या दुकानांचे, आणि भिलार हे वाचनाच्या खोल्यांचे. आरंभी पंचवीस ठिकाणी, म्हणजे राहत्या घरांत, देवळात, शाळेत मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवण्यात आली. एका घरी कविता, एका घरी इतिहास, एका घरी बालसाहित्य. भिंतीवरील चित्र पाहून आत जावे, कपाट उघडावे, हवे ते पुस्तक घेऊन ओसरीवर बसावे. पैसे कोणी मागत नाही.

आम्ही गेलो त्या घरी यजमानीण शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी नुसते बोटाने कपाट दाखविले आणि त्या पुन्हा कामाला लागल्या. मला ती वागणूक फार आवडली. ग्राहक आला म्हणून धावपळ नाही, आणि आपल्याकडे काहीतरी मोठे चालले आहे असा आवही नाही.

तरीही परतताना गाडीत एक गोष्ट बोलली गेलीच. भिलार हे पाहुण्यांसाठी आहे. तेथे माणूस एक दिवस जातो, दोन तास वाचतो, स्ट्रॉबेरी घेतो आणि घाट उतरतो. हिंजवडीच्या माणसाला दर आठवड्याला घाट चढून जाता येणार नाही. त्याला चपला घालून पाच मिनिटांत पोहोचता येईल अशी खोली हवी. शिवाय त्या खोलीत केवळ पुस्तके ठेवून भागणार नाही, कारण आजच्या थकलेल्या माणसाचे पाऊल पुस्तकासाठी उचलले जाईलच असे नाही. आधी काही निमित्त करून त्याला आत आणावे लागेल.

हा विचार नवा नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केल्यावर त्यांना दिसले की वाचावयास काही न मिळाल्यास शिकलेला माणूसही अक्षर विसरतो. म्हणून 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभे केले. पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यांना पाठविल्या जात आणि त्यांचे वाहतूक-भाडे संस्थान भरी. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी व मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते. मला विशेष वाटते ते याचे की याच खात्याची माणसे जादूच्या दिव्याची चित्रे घेऊन गावोगाव जात. चित्रे पाहावयास गाव जमे आणि जमलेल्या गावापुढे पुस्तक येई. पुढे आपल्या राज्यात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, अनुदान मिळू लागले आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात गेली. त्यांतील काही आजही गजबजलेली आहेत, काहींना केवळ अनुदानाच्या हप्त्यापुरता जीव आहे. माझ्या पाहण्यात जी गजबजलेली आहेत, त्यांच्या दारावर येत्या महिन्याचा कार्यक्रमपत्रक लावलेला असतो.

या बाबतीत आपल्या समाजाला फार दूर पाहण्याचे कारण नाही. वालचंद शेठजींचे वडील हिराचंद नेमचंद दोशी हे सोलापूरचे व्यापारी. एकोणिसाव्या शतकात ‘जैन बोधक’ हे मराठी मासिक त्यांनी काढले. सोलापुरात त्यांच्या नावाचे वाचनालय आहे, आणि तेथील सभागृहात व्याख्याने व समारंभ होत असल्याने पुस्तक न वाचणाऱ्या सोलापूरकरालाही त्या वास्तूचा रस्ता माहीत असतो.

आता आमच्या हिंजवडीकडे वळतो. समाजातील एका किराणा व्यापाऱ्यांनी दुकानामागचा बारा फूट बाय अठरा फुटांचा गाळा एक वर्षासाठी विनाभाडे देऊ केला आहे. त्या गाळ्याचे महिन्याला किती भाडे आले असते, हे येथे राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. त्यांनी आपली अटही स्वच्छ सांगितली: “वर्षभर माणसे आली तर पुढेही चालू द्या. नाही आली, तर मला तेलाचे डबे ठेवायला जागा लागते.” मला ही अट रास्त वाटली. बँकेतही मुदत आणि परतफेड ठरल्याखेरीज आम्ही कागदावर सही करीत नव्हतो.

आरंभ कार्तिक शुद्ध पंचमीस करावयाचा आहे. त्या दिवशी आपण लाभपंचमी म्हणून पेढी उघडतो आणि ज्ञानपंचमी म्हणून ग्रंथांचे पूजन करतो. पूर्वी ज्ञानभांडारांतील पोथ्या या निमित्ताने बाहेर काढल्या जात; वेष्टने बदलत, वाळवी-कसर पाहिली जात. दिगंबर बांधवांकडे हाच मान ज्येष्ठातील श्रुतपंचमीला आहे. पूजन झालेली पोथी पुन्हा वर्षभर कपाटात राहते, याची मला नेहमी थोडी खंत वाटत आली. या वर्षी प्रत्येक घराने पूजेत मांडलेल्या पुस्तकांपैकी एक गाळ्यात आणून द्यावे, असे ठरले आहे. धार्मिकच असावे असे नाही. पाककृतीचे चालेल, शिवणकामाचे चालेल.

शनिवारी सायंकाळी पाच ते साडेसहा ही वेळ मुलांची. येथे माझे एक निरीक्षण नोंदवतो. आपली नातवंडे मराठी बोलतात. 2020 च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाल्याने ती देवनागरी अक्षरेही ओळखतात. तथापि एक पान सलग वाचावयास दिले की चौथ्या ओळीला त्यांचा श्वास अडकतो. प्रस्तुत अंकाचा मराठी विभाग आपल्या घरी कोण वाचते, हे एकदा पाहावे. आमच्या घरी मी आणि सौभाग्यवती. नातू फक्त छायाचित्रांत ओळखीचे कोणी आहे का ते पाहतो. आजीचे पत्र नातवाला वाचून दाखवावे लागेल, असा दिवस व्यापारी घरांत फार दूर नाही.

म्हणून शनिवारचा पहिला अर्धा तास एखाद्या मोठ्या माणसाने गोष्ट वाचून दाखवावयाची आणि पुढील अर्ध्या तासात तीच गोष्ट मुलांनी ओळीओळीने वाचावयाची. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघत आहे. त्याचे जुने अंक गोळा केले आहेत. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तके, नॅशनल बुक ट्रस्टची आणि प्रथम बुक्सची स्वस्त पुस्तके घेतली आहेत. महिन्यातून एका शनिवारी गावातील एक आजी म्हातोबाच्या बगाडाची हकीकत सांगणार आहेत. इमारतीतल्या मुलांनी बगाड केवळ गच्चीवरून, मोबाईलच्या पडद्यात पाहिलेले आहे. बांधकामावरील मुलांनाही शनिवारी यावयाचे आहे, आणि त्यांच्यासाठी हिंदी पुस्तकांचा एक कप्पा राखला आहे.

अनामत रकमेवरून आमच्यात वाद झाला. ती न घेतल्यास पुस्तके परत येणार नाहीत, असे दोघांचे म्हणणे. मी विरोधात होतो. मुलांचे पुस्तक सरासरी पन्नास रुपयांचे धरले आणि वर्षात चाळीस गहाळ झाली, तरी नुकसान दोन हजारांचे. एवढी तरतूद आरंभीच बुडीत खात्यात करून ठेवावी आणि निश्चिंत राहावे. अनामतीमुळे जे मूल दाराशीच थांबेल, त्याची नोंद कोणत्या खात्यात करणार? शेवटी मुलांना अनामत नाही, मोठ्यांना शंभर रुपये परतीच्या बोलीने, असे ठरले.

मोठ्यांसाठी रविवारी सकाळी साडेसातची वेळ ठेवली आहे, कारण व्यापाऱ्याला तीच मिळते. पहिले दोन रविवार माझ्याकडे आहेत. एकात मोबाईलवरील फसवणूक: कोणताही पोलीस वा न्यायालय दूरध्वनीवरून ‘डिजिटल अटक’ करीत नाही, आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता त्याच क्षणी 1930 या क्रमांकावर कळवावे. दुसऱ्यात वारस आणि विस्मृतीतील ठेवी. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यांतील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. ती बुडत नाही, आणि तिचा शोध घेण्यासाठी 2023 पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे. किती व्यापारी घरांत आजोबांचे एखादे जुने पासबुक ट्रंकेत पडून असेल! ते घेऊन यावे. तिसऱ्या रविवारी डॉक्टर मधुमेहावर बोलतील, चौथ्या रविवारी दिवाळी अंकांची अदलाबदल होईल. बुधवारी दुपारी तीन ते पाच गाळा स्त्रियांचा. त्या वेळात काय करावयाचे ते त्याच ठरवतील. पुरुषांनी सूचना देऊ नयेत, असा ठराव सौभाग्यवतींनी मांडला व तो बिनविरोध संमत झाला.

नोंदवही मी आखली आहे. त्यात पुस्तकांच्या देवघेवीबरोबर एक रकाना अधिक आहे: आज किती माणसे आली. वर्षअखेरीस गाळ्याच्या मालकांपुढे तोच ठेवावयाचा आहे. सध्या दोन कपाटे, चार सतरंज्या आणि एक पंखा एवढे जमले आहे. खुर्च्या बारा हव्यात, सात आल्या. गुडघे दुखणाऱ्यांनी तूर्त आपापली खुर्ची घेऊन यावे.