आमच्या वतीने

गाणे का आवडते याची कारणे पुष्कळांनी सांगितली आहेत. पण गाणारा का आवडतो, हे सहसा कोणी सांगत नाही. तो चांगला गातो म्हणून आवडतो म्हणावे, तर त्याच्याहून चांगले गाणारे दहा निघतात. आणि आपण मात्र त्या एकाच्याच पायी वेडे असतो. आमच्या आजोबांच्या पिढीत बालगंधर्वांची तसबीर भिंतीवर लावणारे लोक होते. त्यांना कोणी ‘का हो?’ म्हणून विचारले असते, तर त्यांनी विचारणाऱ्याची नुसती कीव केली असती.

माझी गंधर्व मंडळी निराळी. ती विजेवरच्या गिटारी गळ्यात अडकवून इंग्रजीत गात असे, आणि तिचे नाव होते ‘रॉक मशीन’. नाक मुरडू नका! दिवाळीचे दिवस आहेत. चिवड्यात एखादी तिखटजाळ मिरची लागली म्हणून कोणी बशी बाजूला सारत नाही.

ही मंडळी १९८४ साली मुंबईत जमली. पुढे त्यांचा जो संच गाजला, त्यात उदय बेनेगल गात असे, महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटार वाजवीत, मार्क सेल्विनकडे बेस गिटार, झुबिन बालापोरियाकडे कीबोर्ड आणि मार्क मेनेझिसकडे ड्रम. नावे एका दमात वाचली तर मुंबईतल्या एखाद्या इमारतीच्या जिन्याखालची पाटीच वाचतो आहोत, असे वाटते. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक बँड परदेशी गाणी वाजवीत. नक्कल जितकी हुबेहूब, तितकी शाबासकी अधिक. या पोरांनी १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ या नावाने चक्क स्वतःची गाणी बाजारात आणली.

आमच्या दादाने ती कॅसेट काळ्या घोड्याच्या र्‍हिदम हाऊसमधून आणली, आणि दोन महिन्यांत तिची फीत झिजून झिजून घोगरी झाली.

दादाचे हे वेड जुने होते. कॉलेजात असताना त्याने तीन मित्रांबरोबर एक बँड काढला होता. तालीम चाळीच्या गच्चीवर. खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड रोज संध्याकाळी झाडूच्या दांड्याने छतावर ताल धरी, आणि तो ताल कधीच जमत नसे! मग अण्णांचे आजारपण आले. दादाने विमा कचेरीत नोकरी धरली, यथावकाश लग्न झाले, आणि गिटार खुंटीवर गेली. आईने जुन्या सोलापुरी चादरीची खोळ शिवून तिच्यावर चढवली. घरात कोणी त्यावर चकार शब्द काढला नाही. दादानेही नाही.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात रंगभवनात ‘रॉक मशीन’चा कार्यक्रम ठरला. तिकिटे आणली ती वहिनीने. भाजीच्या पिशवीतून मेथीच्या जुडीबरोबर तिने दोन तिकिटे काढली आणि म्हणाली, “तुम्ही दोघं जाऊन या. मी बाळाजवळ आहे.” मी तेव्हा अकरावीत होते. दादा काही बोलला नाही. पण कचेरीला जायचा ठेवणीतला शर्ट त्याने त्या दिवशी दोनदा इस्त्री केला.

रंगभवन म्हणजे धोबी तलावावरचे, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचे उघडे नाट्यगृह. १९७८ साली पहिली जाझ यात्रा भरली ती इथेच. सनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवाला तिथे वाजवून गेला होता. वर छप्पर नाही. त्यामुळे गाणे आवडले नाही तर निदान चांदण्या मोजता येत. आम्हाला मोजाव्या लागल्या नाहीत. पहिला ड्रम वाजला तो मला कानात ऐकू आलाच नाही; तो थेट बरगड्यांत वाजला. देवळातला नगारा अगदी जवळ उभे राहून ऐकला असेल, तर मी काय म्हणते ते तुम्हाला कळेल.

सुरुवातीला मागच्या बाजूने कोणी परदेशी बँडच्या गाण्यांची फर्माईश करत होते. मंचावरून मात्र आपलीच गाणी चालू राहिली. हळूहळू फर्माईशी थांबल्या, आणि माझ्या लक्षात आले, की आजूबाजूची पोरे शब्दन् शब्द म्हणताहेत. लंडन-अमेरिकेची नव्हे, आमच्याच गावात लिहिलेली गाणी! ज्यांच्याबरोबर उद्या सकाळी लोकलच्या डब्यात धक्का लागू शकतो, अशा माणसांची गाणी. त्या क्षणी जो अभिमान वाटला तो मला कुठल्याही परदेशी तबकडीने दिला नव्हता.

मग मी दादाकडे पाहिले. तो गात नव्हता, नाचत नव्हता. त्याची नजर मंचावर होती आणि डाव्या हाताची बोटे गुडघ्यावर चालत होती. मंचावर सूर बदलला की बोटे जागा बदलत. एकदा तर मंचाच्या आधीच बदलली. खोळीतल्या गिटारीला हात न लावता या माणसाने सगळी गाणी बसवली होती! मी पटकन मान वळवली. वडीलधाऱ्या माणसाला देवापुढे एकटे असताना पाहू नये, तसे काहीसे वाटले.

सुटल्यावर मेट्रोजवळच्या इराण्याकडे आम्ही चहा आणि ब्रून-मस्का घेतला, आणि गिरगावच्या रस्त्याने चालत निघालो. ठाकूरद्वार आले तेव्हा मला राहवेना. विचारले, “दादा, तुला वाईट नाही का रे वाटत?”

“कशाचं?” तो म्हणाला. “अगं, ते वाजवताहेत ना!”

या उत्तराचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली. १९९३ साली त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले, त्याच वर्षी त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’ला एमटीव्हीचे पारितोषिक मिळाले, दादाने कचेरीत पेढे वाटले. कुणाला मुलगी झाली, की बढती मिळाली, ते कचेरीला शेवटपर्यंत समजले नाही. १९९७ साली बँड फुटला, तेव्हा तो दोन दिवस जेवताना गप्प होता. रंगभवनही पुढे मुके झाले. एका अंगाला कॉलेज, पलीकडे कामा आणि गोकुळदास तेजपाल ही इस्पितळे. शांतता क्षेत्राच्या नियमात ते बरोबर सापडले. रुग्णांच्या झोपेपुढे आमची गाणी मोठी नव्हती, हे खरे. र्‍हिदम हाऊसही २०१६ साली बंद झाले. पण त्याआधी, २०१० साली, ही मंडळी पुन्हा एकत्र आली होती, आणि २०१२ साली त्यांनी ‘इव्हॉल्व्ह’ नावाचा नवा संग्रह काढला. पुतण्याने तो संगणकावर लावला. दादाने चष्मा पुसला आणि एवढेच म्हणाला, “वाजवताहेत.”

आता मला वाटते, आवडता गाणारा म्हणजे आपल्या वतीने गाणारा. संसारात आपण एकेक गोष्ट खुंटीला टांगत जातो. कोणी गिटार, कोणी पेटी, कोणी कवितांची वही. कुणी तरी ती खाली ठेवली नाही, एवढ्याचाच केवढा आधार असतो! आणि त्यांच्यासमोर बसून, बोटांनी का होईना, साथ करणारेही लागतातच की.

दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत वहिनी ती खोळ धुते. आताची तिसरी; हीही सोलापुरीच. ती वाळेपर्यंत गिटार दादाच्या मांडीवर असते. तो खुंट्या पिळतो, एकच झंकार काढतो आणि तो पुरता विरेपर्यंत ऐकत बसतो. मग म्हणतो, “लागलीय.” तेवढ्यात खोळ वाळलेली असते.