वहीच्या पानाचा फोटो

माझ्या फोनमध्ये मुलांच्या वह्यांचे इतके फोटो साठलेत, की घरातल्या लग्नाचा एखादा फोटो हवा असला तर बोट दुखेपर्यंत वर सरकवत जावं लागतं. चौकटीचं पान, निळं पेन, कडेला अंगठ्याचं टोक. मागे कधी चटई, कधी धान्याची पोती, कधी कंपनीच्या बसच्या सीटचं फाटकं रेक्झिन. त्यातला एक फोटो मी आजवर पुसलेला नाही. वारंवारता सारणीचं पान आहे. तिसऱ्या ओळीत 14 लिहून खोडलाय, शेजारी 41, तोही खोडलाय, आणि वर पुन्हा 14. पानाच्या समासात ताळ्याच्या खुणांचे पाच-पाचचे गठ्ठे तीनदा काढलेत. तिसऱ्यांदा पेन इतकं दाबलंय की कागद फाटायला आला आहे.

ते पान पाठवणारी मुलगी नेमकी कुठे अडली, ते मला त्या खाडाखोडीत दिसलं. तिला सूत्र येत होतं. मोजताना वर्गांतराची वरची सीमा ती दोन्ही वर्गांत धरत होती, म्हणून बेरीज जुळत नव्हती. वर्गात ती तिसऱ्या बाकावर बसली असती, मी फळ्यावर सारणी केली असती, तिने ती सुबक उतरवून घेतली असती आणि ही चूक परीक्षेपर्यंत झाकलेली राहिली असती. ऑनलाइन शिकवणं म्हणजे काय, हे मला त्या पानाने शिकवलं.

मी लोणंदच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं, तेव्हा आम्हा सगळ्यांसारखीच मीही फोनसमोर बसले आणि वर्गात बोलते तशीच बोलत गेले. पहिला व्हिडिओ 52 मिनिटांचा झाला. मध्यवर्ती प्रवृत्तीची परिमाणं, प्रस्तावनेपासून गणितांपर्यंत सगळं त्यात होतं. पाठवल्यावर मुलांच्या हात जोडलेल्या ढीगभर इमोजी आल्या. प्रश्न एकही आला नाही. चार दिवसांनी मी एकेकाला फोन केले. कुणी पहिली दहा मिनिटं पाहिली होती, कुणाचा त्या दिवसाचा डेटा तेवढ्यातच संपला होता. एकीने शांतपणे सांगितलं, "मॅडम, फोन दादाचा आहे. तो पहिल्या पाळीला घेऊन जातो. मी रात्री नऊनंतर बघते, पण तोपर्यंत डोळे मिटतात."

त्या वर्षी आषाढात माउलींची पालखी पायी आली नाही. पादुका एसटीने थेट पंढरपूरला गेल्या. नीरास्नानानंतर पाडेगावातून सातारा जिल्ह्यात येऊन लोणंदला विसावणारा तो सगळा जनसागर नाही, पालखीतळ मोकळा, हे आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्याच दिवसांत मी पुढच्या सत्राचा आराखडा नव्याने लिहायला घेतला. या वेळी आधी वहीत प्रश्न लिहिले. फोन कुणाचा? घरात किती वाजता असतो? किती जणांत? चार्जिंगला वीज कधी असते? घरात बोलून उत्तर दिलं तर चालतं, की लाज वाटते? अभ्यासक्रमाची पहिली पायरी माझ्यासाठी आजही हीच आहे. विषय दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो. पहिल्या आठवड्यात मुलांनी फक्त वहीच्या पानावर आपलं नाव, गाव आणि घरातली कुठलीही मोजता येईल अशी एक गोष्ट लिहायची, उजेडात फोटो काढायचा आणि पाठवायचा. उजेड कुठून यावा, पान सरळ कसं धरावं, हे त्या आठवड्यात शिकवलेलं पुढे सत्रभर उपयोगी पडतं. एकाने गोठ्यातल्या गाईंच्या दुधाची सात दिवसांची आकडेवारी पाठवली होती. तीच पुढे माझं पहिलं उदाहरण झाली.

दुरून शिकवण्याचं हे काम आपल्याकडे नवं नाही, याची आठवण मला ठेवावीशी वाटते. 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. नोकरीच्या सुरुवातीला मी काही वर्षं त्याच्या एका अभ्यासकेंद्रावर रविवारी संपर्कसत्रं घ्यायची. हमाली करणारे, अंगणवाडीत काम करणाऱ्या, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या बायका समोर असायच्या. त्यांच्या हातातली पुस्तकं मी तेव्हा नुसती चाळली होती. 2020 मध्ये माळ्यावरून काढून नीट वाचली. घटकाच्या सुरुवातीलाच सांगितलेलं, की हे वाचल्यावर तुम्हाला काय करता येईल. दोन-तीन पानं झाली की मध्येच प्रश्न, आणि उत्तर शेवटी, म्हणजे आधी स्वतः लिहायचं. समोर शिक्षक नाही हे धरूनच ती पुस्तकं लिहिलेली होती. आम्ही मात्र कॅमेऱ्यापुढे बसताना समोर वर्ग आहे असंच धरलं होतं.

व्हिडिओ लहान करणं हे नव्या आराखड्यातलं सोपं काम. 2014 मध्ये फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन मंचावरच्या चार अभ्यासक्रमांमधले व्हिडिओ पाहिल्याच्या जवळजवळ 69 लाख नोंदी तपासल्या, तेव्हा सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ मुलं सर्वांत जास्त धरून बघतात असं दिसलं. छापील स्लाइडपेक्षा हाताने लिहीत समजावलेलं जास्त पाहिलं जातं, असंही. हे वाचून मी माझा चेहरा व्हिडिओतून काढून टाकला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन उंच डबे, त्यावर लाकडी फूटपट्टी, पट्टीला रबरबँडने बांधलेला फोन, खाली वही. पंखा बंद. पहाटे साडेपाचला, कांद्याच्या गाड्यांचे हॉर्न सुरू व्हायच्या आत. हात लिहितो, आवाज बोलतो. चूक झाली तर मी खोडते आणि ती खाडाखोड ठेवते. मुलांना माझंही खोडलेलं दिसलं पाहिजे.

अवघड काम प्रश्न काढण्याचं. 'मध्यकाची व्याख्या लिहा' असं विचारलं की सगळ्यांकडून एकच उत्तर येतं, स्वल्पविरामासकट. म्हणून मी बाजाराकडे वळले. लोणंद म्हटलं की लोक कांद्याचं नाव घेतात. हळवा असो की गरवा, वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरांत त्याची भाषा चालते. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर दिलेले असतात. मुलांनी आपल्या आवडीचे दहा दिवस निवडायचे, आकडे वहीत उतरवायचे, मध्य काढायचा, मध्यक काढायचा, आणि दोन्हींत फरक पडला तर का पडला ते आपल्या शब्दांत सांगायचं. प्रत्येकाचे दहा दिवस वेगळे, म्हणून उतरवून घेण्याची सोयच नाही. आणि व्हिडिओ पाहण्याच्या आधी एक अंदाज पाठवायचा, चुकला तरी चालेल. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं होतं, की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्याला पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर आठवतं ते न पाहता आठवून लिहिणाऱ्याला. माझ्या मुलांना हे नाव-गाव सांगत नाही, फक्त सोमवारी पहिला प्रश्न मागच्या आठवड्याचा विचारते आणि म्हणते, वही बंद करून लिही.

व्हॉट्सॲपचा गट मी दुसऱ्या वर्षी बंद केला. मुलींचे नंबर सगळ्या वर्गापुढे उघडे पडत होते आणि काही मुली त्यामुळे गटातून गुपचूप बाहेर पडत होत्या. मला ते कळायला दोन महिने लागले, याची खंत आहे. आता पाठ क्लासरूम ॲपवर असतात, उत्तरं तिथे येतात, आणि चर्चेसाठी पाच-पाचचे गट आहेत तेही गावांनुसार. पाडेगावचे एकत्र, तरडगावचे एकत्र, सालप्याकडचे एकत्र. फोन बंद पडला तरी एकमेकांच्या दारात जाता येतं.

राहिलं उत्तर देणं. माझा सगळा जीव इथे आहे. केंद्र सरकारने 2017 मध्ये स्वयम हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ सुरू केलं, तेव्हा त्यातल्या प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग ठरवले: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. 2021 पासून तर एका सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे ऑनलाइन करून श्रेयांक मिळवता येतात. पहिले तीन भाग एकदा तयार केले की वर्षानुवर्षं चालतील. चौथा, म्हणजे मुलांना उत्तर देण्याचा, दर आठवड्याला नव्याने करावा लागतो, आणि माझ्या मते शिकणं घडतं ते त्याच भागात. ऑनलाइनमुळे एक शिक्षक हजारांना शिकवू शकतो असं जे म्हणतात, ते व्हिडिओविषयी बोलत असतात. माझा अनुभव असा, की चांगला ऑनलाइन अभ्यासक्रम शिक्षकाचा वेळ वर्गापेक्षा जास्त खातो, आणि महाविद्यालयांनी तो कार्यभारात धरला पाहिजे. तो धरला जात नाही तोवर पहिले तीन भागच तेवढे होत राहतील.

एका पानावर पाच चुका असल्या तरी मी एकाच चुकीविषयी बोलते. ज्या चुकीमुळे बाकीच्या होतात ती शोधायची, चाळीस सेकंदांचा आवाज पाठवायचा, सुरुवात नावाने. "बाळा, तुझी दुसरी ओळ बघ. 20 हा आकडा तू दोनदा धरलायस. तो एकाच घरात राहू दे आणि बेरीज पुन्हा कर." एवढंच. लिहून पाठवलेलं वाचलं जात नाही, आवाज दोनदा ऐकला जातो. आणि हे दोन दिवसांच्या आत व्हायला हवं. आठवडा गेला की मुलाला आपण काय लिहिलं होतं तेच आठवत नाही.

गेल्या सत्रात रात्री पावणेबाराला एक फोटो आला. दुसरी पाळी करून आलेला मुलगा. त्याने दहा दिवसांचे दर नीट मांडले होते, मध्य बरोबर, मध्यक बरोबर. खाली व्यापाऱ्याकडून घरी आलेल्या कांद्याच्या पट्टीचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदाचा, दुसरा फोटो जोडला होता. एक नंबरचा माल थोडा, दोन नंबर त्याहून जास्त, आणि सर्वांत खाली गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, तिचाच भार मोठा. त्याने लिहिलं होतं: "मॅडम, त्या दिवशीचा सर्वसाधारण दर 1,800 आहे. पप्पांच्या पट्टीची सरासरी मी काढली तर 1,150 येते. मग सर्वसाधारण कोण?"

पुढच्या सोमवारसाठी भारित मध्याचा व्हिडिओ मी तयार करून ठेवला होता. परीक्षेच्या गुणांचं उदाहरण घेतलेलं, पुस्तकातलं. तो मी पाठवला नाही. त्या मुलाला फोन करून विचारलं, पट्टी सगळ्यांना दाखवली तर चालेल का. तो थोडा थांबला, पप्पांना विचारतो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी कळवलं, नाव झाकून दाखवा. मी नावावर कागदाची चिठ्ठी ठेवून फोटो काढला आणि सोमवारी सकाळी वर त्याचाच प्रश्न घालून पाठवला. खाली लिहिलं, की घरात असली तर एक जुनी पट्टी शोधा, कांद्याची नसेल तर उसाची, दुधाची, कसलीही. भाव किती आणि माल किती, दोन्ही रकाने दिसू द्या.

संध्याकाळी सहाला तरडगावहून पहिली पट्टी आली. दुधाची होती, घडीवर विरलेली, कोपऱ्यात अंगठा.